धम्मयात्रेला निघण्यापूर्वी जुन्या गाडीची तयारी

वर्षावास संपला, अशोक विजयादशमी झाली, की आपल्या वस्त्यावस्त्यांतून धम्मयात्रेच्या गोष्टी निघू लागतात. सारनाथ, बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती ही नावे आपण प्रवचनांतून ऐकतो, घराच्या भिंतीवरील तसबिरींत पाहतो. परंतु प्रत्यक्ष जाणे किती जणांना जमते? यात्रा कंपनीचा माणशी दर ऐकला की कारखान्यात, नगरपालिकेत, बांधकामावर राबणारा माणूस गप्प बसतो. रेल्वेने जावे तर वाराणसी आणि गयेपर्यंत ठीक, पुढे वैशाली-श्रावस्तीला म्हाताऱ्या माणसांना घेऊन जीप, बस, रिक्षा बदलत फिरणे फार जिकिरीचे. म्हणून चार कुटुंबे एकत्र येतात, कोणाच्या तरी ओळखीची पंधरा-सोळा वर्षे वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, आणि त्यातच झोपायचे, त्यातच शिधा-भांडी ठेवायची असा बेत होतो.

बेत चांगला आहे. आम्ही नागपूरहून असा प्रवास केलेला आहे. अशा राहत्या गाडीला आता 'कॅराव्हॅन' असे भारी नाव मिळाले असून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्यासाठी पर्यटन धोरणही आणले. ज्यांची हौस आहे त्यांनी ती करावी. आपल्याकडे मात्र हा हौसेचा नव्हे, आईला एकदा बोधिवृक्ष दाखवण्याचा प्रश्न असतो.

अडचण एवढीच, की तयारीचा पैसा बहुतेक ठिकाणी दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. निळा रंग, काचेवर 'धम्मयात्रा' अशी मोठी अक्षरे, टपावर भोंगा, आत रंगीत दिवे. आमच्या गाडीच्या वेळीही तरुणांनी वर्गणीतील पहिला खर्च रंगाचा सुचवला होता. आमच्यातील एक काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "रंगानं बिरेक लागत असते का रे बाबू? आधी चाकं खोलू, मग बोलू." पोरे हसली, पण चाके खोलली गेली. नागपूरहून निघून आठही स्थळे करून परत येईपर्यंत जवळपास तीन हजार किलोमीटर होतात. गावातल्या गावात नीट चालणारी गाडी तेवढ्याने या प्रवासाला लायक ठरत नाही.

आधी माणसे मोजा

जुन्या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वजन. चालक धरून तेरा माणसांची गाडी असली की आपण म्हणतो, तेरा तर बसतीलच, दोन लहान मुले मांडीवर. पण राहत्या गाडीचा हिशेब वेगळा असतो. आम्ही तो वहीत मांडला, तो येथे देतो.

एक माणूस सरासरी ६० किलो आणि त्याचे सामान १५ किलो धरले तर तेरा जणांचे ९७५ किलो होतात. आम्ही हीच आमची मर्यादा मानली. आता आठ माणसे घ्या, म्हणजे ४८० किलो. पिण्याचे व वापरण्याचे पाणी ८० लिटर, म्हणजे ८० किलो. पाणी हलके वाटते पण लिटरला किलो हा त्याचा भाव कधी चुकत नाही. झोपण्याच्या फळ्या ७०, अंथरूण-पांघरूण ४८, कपडे ६४, शिधा आणि भांडी ६०, शेगडी व लहान सिलिंडर १५, दुसरी बॅटरी २५, हत्यारे आणि सुटे भाग ४०. बेरीज ८८२. उरले ९३ किलो. नववा माणूस अंथरूण-कपड्यासह कसाबसा बसतो. दहावा बसत नाही.

कागदावर हे सोपे आहे. पण दहावा माणूस म्हणजे कोणाची तरी आत्या असते, आणि तिने सहा महिने भिशीचे पैसे साठवलेले असतात. आमच्याकडे यावरून दोन बैठका झाल्या. शेवटी असे ठरले, की साठीच्या वरच्यांनी आधी जायचे, ज्यांचे गुडघे अजून चालतात त्यांनी फेब्रुवारीच्या फेरीला. दोन तरुण मुलांनी आपली जागा स्वतःहून सोडली. गाडीत कोंबून सर्वांना खूश करणे सोपे होते, परंतु जास्तीचे वजन पाटे सोसतात, टायर सोसतात आणि उतारावर शेवटी ब्रेकला सोसावे लागते.

सगळे सामान भरून, माणसे बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. रस्त्याकडेच्या काट्यावर थोड्या पैशांत पावती मिळते. आर.सी. पुस्तकात गाडीचे रिकामे वजन व एकूण भार दिलेला असतो, तो पावतीशी ताडून पाहावा. टपावर फक्त पांघरुणांची गाठोडी ठेवावी. पाण्याचे कॅन, तांदूळ, बॅटरी ही जड वस्तू खाली, दोन्ही आसांच्या मधोमध. वर जड सामान बांधलेली उंच गाडी वळणावर झोके खाते.

चाके खोलल्यावर काय पाहायचे

ब्रेकचे लायनर झिजलेत का, ड्रमला कड पडली आहे का, चाकाच्या सिलिंडरमधून तेल पाझरते का, रबरी होज पाइपला चिरा गेल्यात का, हे चारही चाकांना पाहावे. आमच्या गाडीत मागच्या एका चाकाचे लायनर तेलाने भिजलेले निघाले. वरून गाडी झकास दिसत होती. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि असे जुने तेल लांब उतारावर तापले की उकळते, मग पायाखालचा पेडल थेट तळाला जातो. दोन वर्षांहून जुने तेल असेल तर पूर्ण काढून नवे भरावे व हवा काढावी. खर्च फार नाही.

हे इतके खोलात सांगण्याचे कारण रस्त्यात आहे. नागपूरहून सिवनीकडे जाताना कुरईचा घाट चढावा लागतो. पुढे जबलपूर, रिवा, हनुमना करीत मिर्झापूरकडे उतरताना ड्रमंडगंजचा घाट येतो, आणि तो अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे भरलेली गाडी खाली न्यायची असते. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे हा जुन्या चालकांचा नियम तेथे पाळावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करून सोडणे हा तर जिवाशी खेळ. इंजिन बंद पडले की ब्रेकच्या बूस्टरला जोर मिळणे थांबते, एक-दोन वेळा पाय दाबला की पेडल दगडासारखा होतो.

टायरच्या बाबतीत आपण फक्त नक्षी पाहतो. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, ते वाचावेत. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी चांगली असली तरी लांबच्या प्रवासाला नको, आतले रबर कडक होऊन तडकते. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर कदापि लावू नये. मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडील बांधव नागपूरपर्यंत समृद्धी महामार्गाने येतात. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. सरळ, सिमेंटचा आणि तापणारा हा रस्ता जुन्या टायरची परीक्षाच पाहतो. शेजारच्या गाड्या वाऱ्यासारख्या जातील, जाऊ द्याव्यात. आपण साठावर राहावे, आणि दोन तासांनी थांबून टायरला हात लावून पाहावे. एकच टायर इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर हवा कमी आहे किंवा ब्रेक घासतो आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात. रेडिएटर साफ करून घ्यावा, नळाचे पाणी न भरता कूलंट भरावे, होज पाइप दाबून पाहावेत. फॅन बेल्ट नवा टाकून जुना धड असेल तर जवळ ठेवावा. डिझेल फिल्टर नवा टाकावा, आणखी एक सोबत न्यावा, आणि फिल्टर बदलल्यावर हवा कशी काढायची हे निदान दोघांना आले पाहिजे. उत्तर प्रदेशात थंडीच्या पहाटे गाडी सुरू होत नाही तेव्हा बहुधा हीटर प्लग गेलेले असतात, ते निघण्यापूर्वीच तपासावेत. दुसरी स्टेपनी मिळाली तर उत्तम, पण जॅक आणि पाना आपल्याच गाडीचा आहे ना, हे एकदा खरोखर चाक काढून पाहावे.

झोपणे, रांधणे आणि श्वास

झोपण्यासाठी आम्ही आसने काढली नाहीत. मागील आसनांवर बसतील अशा प्लायवुडच्या फळ्या कापून घेतल्या, नट-बोल्टने घट्ट होणाऱ्या व निघणाऱ्या. आसने काढून कायमचे पलंग ठोकले तर तो गाडीच्या रचनेतील बदल होतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आर.टी.ओ.ची परवानगी लागते. गाडी चालू असताना कोणीही आडवे व्हायचे नाही, हा नियम आजीपासून नातवापर्यंत सर्वांना. मागचे संकटकालीन दार सामानाने बुजवू नये. १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. बस दाराच्या बाजूवर पडल्याने दारच खाली दबले होते. आपल्या गाडीत काच फोडायचा हातोडा कोठे टांगला आहे हे मुलांनाही ठाऊक असावे.

गॅसचे तर आम्ही हात जोडून सांगतो. स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर. पाऊस असो, थंडी असो, चहासुद्धा बाहेर. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. तेही आपल्यासारखेच, पैसे वाचवत यात्रेला निघालेले लोक होते. पाच किलोचा लहान सिलिंडर पुरतो. तो आडवा न ठेवता उभा, पट्ट्याने बांधलेला असावा, आणि रेग्युलेटर काढून, टोपी लावून ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवे. वरची खिडकी उघडी आहे एवढ्यावर विसंबू नये.

दुसरा धोका दिसतही नाही. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूर, कुशीनगरकडे थंडी हाडात शिरते. मग कोणी तरी कोळशाची शेगडी आत घेते, किंवा इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपू म्हणते. जळत्या कोळशातून आणि धुरांड्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. जादा ब्लँकेट घ्यावे, कानटोपी घालावी, गरम पाण्याची पिशवी घ्यावी आणि दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवून झोपावे.

दिवे, पंखा आणि मोबाईल यांसाठी दुसरी बॅटरी लावली तर मुख्य बॅटरी उतरत नाही व सकाळी धक्का मारावा लागत नाही. परंतु जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करावी. प्रत्येक फाट्याला फ्यूज, बॅटरी हवेशीर पेटीत. टेप गुंडाळलेल्या जुन्या तारांवर नवे दिवे जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. भोंगा आणि अॅम्प्लिफायर आम्ही घरीच ठेवला. भीमगीते झाली, ती सर्वांनी मिळून टाळ्यांवर म्हटली.

माता-भगिनींचा एक प्रश्न बैठकीत कोणी काढत नाही, तो येथे लिहितो. पुरुष कोठेही आडोशाला जातात, बायका तहान मारून बसतात आणि मग वाटेत आजारी पडतात. तेव्हा दर दोन तासांनी पेट्रोल पंप किंवा टोलनाक्यावरील स्वच्छतागृह हा थांबा चालकाने विचारण्याची वाट न पाहता घ्यावा. वृद्धांसाठी घडीची कमोड खुर्ची आणि भोवती धरायला दोन जुन्या साड्यांचा पडदा, एवढे नेले की रात्रीची चिंता मिटते. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या वीस दिवसांच्या घ्याव्यात आणि अर्ध्या दुसऱ्याच्या पिशवीत ठेवाव्यात.

कागदपत्रे

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. ती तपासणी करून पाच वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते, हरित कर भरावा लागतो. विमा, पी.यू.सी., फास्टॅग चालू हवेत. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून माणशी भाडे घेऊन लोक नेणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करून हात वर करते आणि घर उघड्यावर येते. भाड्याचीच गाडी करायची तर पिवळ्या पाटीची करावी, आणि मालकाकडून फिटनेस व ऑल इंडिया टुरिस्ट परमिट डोळ्यांनी पाहून घ्यावे.

लुंबिनी नेपाळमध्ये आहे. सोनौलीच्या सीमेवर आपल्याला व्हिसा लागत नाही, पण प्रत्येक प्रौढाकडे मतदार ओळखपत्र असावे. गाडी पलीकडे न्यायची तर भन्सार म्हणजे जकात भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना काढावा लागतो. दुसरा मार्ग असा, की गाडी अलीकडे सुरक्षित जागी ठेवून भैरहवाहून स्थानिक वाहनाने जावे. अंतर फार नाही, आणि जुन्या गाडीला एक दिवस विसावाही मिळतो.

गाडी कोणाच्या हाती

१९२९ साली चाळीसगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वस्तीत न्यायचे होते. टांगेवाल्यांनी महाराला घेऊन टांगा हाकण्यास नकार दिला. लोकांनी टांगा मिळवला, पण बाबासाहेबांना पायी चालवणे त्यांना बरे वाटेना, म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक जण पुढे बसला. नदीवरील फरशीवर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या माणसाच्या मनात प्रेमच होते. त्याच्यावर ती पाळी जातीने आणली होती.

आज आपल्याला कोणी चालक नाकारत नाही, तरी प्रेमापोटी किंवा पैसे वाचवण्यापोटी पुतण्याच्या हाती गाडी देण्याची आपली सवय गेलेली नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन चालवता येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तो गरीब चालकांच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. पण लायसन्स वेगळे आणि भरलेली गाडी घाटात उतरवण्याचा हात वेगळा. दोन चालक हवेत, दोघांनी निघण्यापूर्वी ही गाडी, याच वजनासह, शंभर-दीडशे किलोमीटर चालवलेली हवी. दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरेत. रात्री दहा ते पहाटे पाच चाक हलता कामा नये. चालकाची झोपण्याची जागा सर्वांत आधी ठरवावी, सर्वांत चांगली द्यावी. त्याला रात्री गप्पांना बसवू नये.

काळ कोणता, हेही चालकाच्या डोळ्यांवरून ठरवावे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर उत्तर प्रदेश-बिहारात असे धुके पडते की समोरचा ट्रक दहा पावलांवर दिसतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हे दिवस बरे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते, त्या आठवड्यात बिहारमधील रस्ते व नद्यांचे घाट गर्दीने भरलेले असतात, तो आठवडा टाळावा.

खर्चाचे म्हणाल तर लिटरला दहा किलोमीटर आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरले, तर तीन हजार किलोमीटरला २७ हजार रुपये, आठ जणांत माणशी ३,३७५. ब्रेक, टायर, बेल्ट, वायरिंग यांचा खर्च यापेक्षा जास्त येऊ शकतो. तो पाहून कोणी मागे हटले तर त्यांनी रेल्वेने जावे, त्यात काही कमीपणा नाही.

बुद्धगयेला दोन दिवस तरी ठेवावेत. महाबोधी महाविहाराचा कारभार पूर्णपणे बौद्धांच्या हाती यावा, १९४९ चा कायदा रद्द व्हावा, या मागणीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्षूंनी तेथे उपोषण सुरू केले होते. महाविहाराचा हा प्रश्न आपल्या मुलांना तेथेच समजावून सांगावा. त्या दोन दिवसांत गाडीचे काम करावे. चाकांचे नट आवळावेत, ऑइलची पातळी पाहावी, पाट्यांचे क्लँप बघावेत, एअर फिल्टर झटकावा, कारण पुढे वैशाली व कुशीनगरच्या वाटेवर धूळ फार. श्रावस्तीला पुन्हा अर्धा दिवस हीच तपासणी. तेथून नागपूर हजारावर किलोमीटर आहे, आणि तोवर गाडीत पुस्तके, मूर्ती, भेटवस्तू भरलेल्या असतात. आमच्या गाडीत परतीला ६० किलो वाढले होते. उरलेल्या ९३ किलोंत ते बसले.